आत्याचा मान

कारखाना कॉलनी, युगांडा
२८ जानेवारी २०२४

आक्का,

सप्रेम जयभीम.

फोनवर तू, माय आणि शेजारची निम्मी गल्ली एकदम बोलायला लागता, त्यात माझं अर्धं बोलणं हवेत जातं. म्हणून दादांची पद्धत काढली. रेल्वेच्या ड्युटीवरून ते मायला लिहायचे तसं कागदावर लिहितोय आणि पानांचे फोटो तुझ्या फोनवर पाठवतोय. मायला सावकाश वाचून दाखव. सोनपेठला फोन लावून निकितालाही ऐकव. माहेरी असली तरी बाळंतिणीला खोलीत पडून पडून कंटाळा येत असेल.

आक्का, मी गोरिला पाहून आलो. पिंजऱ्यातला नाही, डोंगरातला, त्याच्या घरी जाऊन. कारखाना दुरुस्तीसाठी बंद आहे. साहेब लोकांनी हा बेत केला होता. ऐन वेळी एका इंजिनिअर साहेबांचं रद्द झालं आणि त्यांच्या जागेवर साखर शिजवणाऱ्या पॅनमनचा नंबर लागला. म्हणजे तुझ्या भावाचा. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा नशीब उघडलं बघ, पहिल्यांदा आपलं बाळ झालं तेव्हा.

एकच अडचण होती. मला सर्दी-खोकला झाला होता. माझ्या खोलीतला योगीराज आठवडाभर खोकत होता, त्यानं तो मला दिला. आणि तिथला पहिलाच नियम असा की ज्याला खोकला, सर्दी, ताप असेल त्यानं खालीच थांबायचं. माणसाचा खोकला त्या जनावरांना लागतो आणि आपल्याला जे चार दिवसांत जातं त्यात ती मरतात म्हणे. तोंडाला मास्क, दहा मीटरचं अंतर, आणि वर फक्त एक तास. आमचा वाटाड्या एलायजा, उंच, हडकुळा माणूस, त्यानं एकेकाच्या डोळ्यांत बघून विचारलं, खोकला आहे का? मी नाही म्हणालो. सकाळीच औषधाची अर्धी बाटली घेतली होती आणि जिभेखाली दोन लवंगा ठेवल्या होत्या. घशात आग पडली पण खोकला काही वर आला नाही. अशी संधी परत कुठली यायला!

मग चढण. खाजकुयलीसारखी झाडं, चिखल, वेली कोयत्यानं तोडत जायचं. तीन तास झाल्यावर एलायजा थांबला आणि घसा खाकरायला लागला. आपल्याकडं मोठी माणसं बाहेरून येताना दारात खाकरतात ना, घरातल्या बायांनी पदर सावरावा म्हणून, अगदी तसं. त्यानं खाकरलं आणि झाडीतून तसंच उत्तर आलं. आक्का, अंगावर काटा आला. आम्ही आलोय, भिऊ नका, असा त्याचा अर्थ. मला उबळ आली होती ती मी त्याच खाकरण्यात मिसळून टाकली. कुणाला पत्ता लागला नाही.

कुटुंबाचा म्हातारा पाठ पांढरी झालेला, ढेरी सोडून बसला होता. आमच्याकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं. दोन-तीन माद्या पाला खात होत्या. एकीच्या कुशीत पिलू. डोक्यावर जावळ, आपल्या बाळाला फोटोत आहे तसंच विस्कटलेलं. ते आईच्या अंगावरून उतरलं आणि लडबडत सरळ माझ्याकडं आलं. एलायजा मागं व्हा, मागं व्हा म्हणत होता. माझे पाय काही मागं सरेनात. पिलानं माझ्या बुटाला हात लावला. बोटं, नखं, सगळं माणसाचं. मी खाली वाकून बघत राहिलो आणि डोळे भरून आले. माझं स्वतःचं लेकरू मी अजून हातात घेतलं नाही, आणि हे परक्याचं माझ्या पायाशी.

शेजारच्या रवांडात तर अशा पिलांचं जाहीर बारसं करतात. ह्याचं अजून झालेलं नाही. आपल्याचं कधी करताय ते कळव. नाव तुझं तू ठरव, मला आधी सांगू नकोस. तो आत्याचा मान.

तुझा,
धम्मा


पूर्णा
३१ जानेवारी २०२४

धम्मा,

तुझं पत्र वाचून माय हसता हसता खाटेवरून पडायची राहिली. म्हणाली, "पोट्टं लय बिलंदर हाय, बापावर गेलंय." लवंगांचं ऐकून निकिताही फोनवर हसत होती. तिची आई मागून म्हणाली, "जावईबापू माकडाच्या बारशाला गेले अन् सोताच्या लेकराच्या बारशाला न्हाईत." ह्याला तुझ्याकडं उत्तर असेल तर कळव.

बारसं येत्या रविवारी, चार तारखेला, सोनपेठलाच. निकिताचे वडील सितारामभाऊ येऊन रीतसर सांगून गेले. "सुकेशनीताई, पाळण्यापाशी पयला हात तुमचा."

धम्मा, तुला माहीत नसेल म्हणून लिहिते. पोखर्णीला सासरी होते तेव्हा जावेच्या मुलीचं बारसं होतं. मला चुलीपाशी घुगऱ्या ढवळत बसवलं. मूल न झालेल्या बाईनं पाळण्याला हात लावू नये म्हणे. आतून पाळणा म्हटलेला ऐकू येत होता आणि मी पळी फिरवत होते. त्या घरातून निघून आले त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण ती पळी अजून हातात आहे असं वाटतं. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या भावाला लेकरू झालं की त्याच्या कानाशी पहिलं तोंड माझं असेल. हे मला कुणी देत नाहीये, हे माझं आहे.

आता गंमत ऐक. मलाही खोकला आहे. संक्रांतीपासून आहे. माझ्या अंगणवाडीतली सगळी लेकरं खोकतात, त्यांच्याकडूनच आला. दिवसा काही नसतो, मधूनच उबळ आली की मग श्वास घेऊ देत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. दर महिन्याच्या बैठकीत मीच बायांना सांगते की खोकणाऱ्या माणसाला तान्ह्या बाळापाशी फिरकू देऊ नका. हे मी बाहेर बोलले तर सोनपेठची मंडळी मला लांब बसवतील, आणि कानात नाव सांगायला चुलत आत्या पुढं येईल. ती टपलेलीच आहे.

तर तुझ्या लवंगा मी उचलल्या. पाच मिनिटांचं तर काम.

आक्का


कारखाना कॉलनी
२ फेब्रुवारी २०२४

आक्का,

जा बिनधास्त. आत्याशिवाय कसलं बारसं! लवंग जिभेखाली ठेव, चावू नकोस. चावली की ठसका लागतो, अनुभवाचे बोल आहेत.

चुलत आत्याला घुगऱ्या ढवळायला बसव.

धम्मा


पूर्णा
६ फेब्रुवारी २०२४

धम्मा,

झालं रे बाबा. तुझा लेक नागसेन झाला. दादांच्या नागनाथातला नाग घेतला. माय पाळण्याला टेकून रडली. म्हणाली, "त्याहिचं नाव फिरून घरात आलं."

तुला सगळं सांगते. सकाळी वंदना झाली, मग बायका जमल्या. पाळणा झेंडूनं सजवला होता. निकिता कोपऱ्यात बसली होती, कानाला घट्ट फडकं बांधून, चेहरा उतरलेला पण गोड. नागसेनला कुंची घातली होती. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. धम्मा, त्याची हनुवटी तुझी आहे. मी पाळण्यात वाकले, तोंड त्याच्या कानापाशी नेलं. त्याच्या अंगाला ओव्याच्या धुरीचा वास येत होता. लवंग जाग्यावर होती.

मी कुर्र म्हटलं आणि आपल्या रीतीप्रमाणं बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. चुलत आत्यानं तर वर्षानुवर्षांचा राग काढला. त्या धपाट्यांनी लवंग घशात गेली आणि खोकला असा उसळला की आवरेना. त्याच्या कानापाशी, तोंडापाशीच. सगळ्या बायका हसायला लागल्या. "आत्याबाई, लय जोरात बसली का वो?" मीही हसले. त्यातच नाव सांगून टाकलं. तो दचकला पण रडला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला.

निकिता मात्र हसली नाही. माझ्याकडं बघत होती. थकली असेल.

खूप वर्षांनी मी पोटभर जेवले. एवढंच लिहायचं होतं.

आक्का


कारखाना कॉलनी
१० फेब्रुवारी २०२४

आक्का,

नागसेन! मी खोलीत मोठ्यानं म्हणून बघितलं. योगीराज म्हणाला, "कुणाला हाका मारायलास?" आता त्याला पेढे द्यायचेत, इथं कुठून आणू?

पण आज मन थाऱ्यावर नाही. परवा एलायजाचा मेसेज आला. त्या आठवड्यात वर गेलेल्या सगळ्यांना त्यानं पाठवलाय. त्या कुटुंबात खोकला शिरलाय. दोन माद्या खोकतात, आणि ते पिलू, माझ्या बुटाला हात लावणारं तेच, त्याच्या नाकातून वाहतंय, दूध नीट ओढत नाही. त्यानं विचारलंय की तुमच्यापैकी कुणाला खोकला होता का. असेल तर सांगा, शिक्षा नाही, फक्त काय आजार होता ते कळलं तर जनावरांच्या डॉक्टरांना औषध ठरवता येईल, नाहीतर ते अंदाजानं किती दिवस घालवणार.

आक्का, मी त्याच्या डोळ्यांत बघून नाही म्हणालो होतो. शिक्षा नाही म्हणतो, पण मी परदेशी माणूस. साहेबांना कळलं तर? नोकरी गेली तर निकिता आणि बाळाला इथं आणायचं सगळं राहिलं. आणि तो खोकला माझाच कशावरून? आम्ही आठ जण होतो.

दोन रात्री झोप नाही. डोळे मिटले की ते जावळ दिसतं. तू सांग काय करू. तू सांगशील तसं करतो.

धम्मा


पूर्णा
१२ फेब्रुवारी २०२४

धम्मा,

वेडा आहेस का तू? अजिबात सांगू नकोस. आठ माणसं गेली होती, ओझी वाहणारे, रान दाखवणारे ते वेगळेच. कुणाचा खोकला कुणाला लागला हे वरून लिहून येतं का? तू बोललास की बोट तुझ्याकडंच वळणार. आपल्या माणसांचं असंच होतं, बोलला की सापडला. दादांनी एकदा सिग्नलची चूक कबूल केली, त्यांच्यासोबतचे सगळे गप्प राहिले, बढती कुणाची अडकली? कुणाला काय कळतंय? गप्प बस. चार दिवसांत ते पिलू आपोआप बरं होईल, जनावरांच्या अंगात आपल्यापेक्षा जास्त जोर असतो.

नागसेनचं नाक जरा चोंदलंय, असं निकिता म्हणत होती. थंडी आहे. सुंठेचा लेप लावायला सांगितलाय. तू त्याची काळजी करू नकोस, त्याला आत्या आहे.

आक्का


कारखाना कॉलनी
१७ फेब्रुवारी २०२४

आक्का,

रागावू नकोस. पहिल्यांदाच तुझं ऐकलं नाही.

तुझं पत्र वाचलं आणि रात्रभर गप्प बसलो. सकाळी एलायजाला लिहून टाकलं की मला होता, इतक्या दिवसांचा होता, असा होता, आणि मी तुला खोटं सांगितलं. योगीराजलाही दवाखान्यात नेलं, आमचं काय होतं ते तपासून त्याला कळवलं. मग दोन दिवस नुसती वाट बघणं. वाटलं आता साहेबांचा फोन येणार.

आला तो एलायजाचा. डॉक्टर वर गेले. त्या आईला लांबून बंदुकीनं औषधाची सुई मारली. पिलाला मारावी लागली नाही, आईच्या दुधातूनच उतार पडतोय म्हणाले. काल ते परत आईच्या पाठीवर बसलेलं दिसलं. मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, वेळेवर सांगितलंस. मला पुन्हा कधीच त्या डोंगरावर जाता येणार नाही, तेवढं मात्र ठरलं. चालेल. मी बाथरूममध्ये जाऊन लहान पोरासारखा रडलो.

परवापासून निकिता फोन उचलत नाही. सितारामभाऊंचा लागत नाही. तू उचललास पण "नंतर बोलते" म्हणून ठेवलास. मागं दवाखान्यासारखा आवाज होता. सर्दी एवढी वाढलीय का? खरं काय ते सांग आक्का. मी इथं लांब आहे म्हणून माझ्यापासून काही लपवू नका.

धम्मा


पूर्णा
२२ फेब्रुवारी २०२४

धम्मा,

फोनवर मला बोलता आलं नाही, सितारामभाऊंनी सांगितलं तेवढंच तू ऐकलंस. मी लिहिते.

त्याला खोकला असा नव्हताच. लहान लेकरांना तो येत नाही म्हणे, ती नुसती श्वास विसरतात. दूध पिता पिता निळा पडायचा, मग निकितानं हलवलं की परत घ्यायचा. सोळा तारखेला परभणीला नेलं. मोठा दवाखाना होता, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या परीनं केलं. त्यांना आधी वाटलं न्यूमोनिया. मग म्हणाले डांग्या खोकला आहे, तपासणी उशिरा आली. औषध सुरू केलं तोवर रविवारची सकाळ झाली होती. बरोबर चौदा दिवस तो नागसेन होता.

सोनपेठला नेलं. इतक्या लहान लेकराला पुरतात. सितारामभाऊंनीच हातावर नेलं. निकिताला बायकांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

तू येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, हे तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. कुणाच्या हातात नव्हतं.

माझा खोकला आता बराच कमी आहे.

आक्का


कारखाना कॉलनी
१४ एप्रिल २०२४

आक्का,

परत येऊन आठवडा झाला. घरी असताना आपण एका ताटात जेवलो पण बोललो नाही. तू सारखी कामात होतीस. आज जयंती आहे, इथं आम्ही पाच-सहा जण जमलो होतो. मी अर्ध्यातून उठून आलो. आता लिहून टाकतो.

निघायच्या आदल्या दिवशी सितारामभाऊ मला गोदावरीच्या कडेला घेऊन गेले, त्याला ठेवलंय तिथं. तिथं बसून त्यांनी सांगितलं. ओरडून नाही, रागानंही नाही, त्यांना त्यात काही विशेष वाटतच नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. तुम्ही दोघं बाकावर होता. डॉक्टरांनी विचारलं, "बाळाच्या जवळ आलेल्या कुणाला जास्त दिवसांचा खोकला आहे का? आठवून सांगा, त्यावर औषध ठरतं." सितारामभाऊ म्हणाले, "मला काय ठावं, पण आक्का अंगणवाडीत हायेत, त्यांना समदं कळतं." आणि डॉक्टरांनी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालीस, "न्हाई. कुणालाच न्हाई."

आक्का, तो दिवस सोळा तारखेचा. माझं पत्र सतरा तारखेचं. मी एक दिवस आधी लिहिलं असतं तर? रोज तेच डोक्यात फिरतं. मग आठवतं की तू मला काय सल्ला दिला होतास, आणि तोच तू स्वतःही पाळलास. तू मला एक आणि स्वतःला एक सांगणारी नाहीस, हे तर मला लहानपणापासून माहीत आहे.

तुला शिव्या द्यायला बसलो होतो. देता येत नाहीत. लवंगांची युक्ती माझी. जा बिनधास्त हे माझ्याच हातचं आहे. तुला खोकला आहे हे या जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी हसलो.

एलायजानं फोटो पाठवलाय. ते पिलू आता चांगलं धट्टंकट्टं झालंय, झाडावर चढतं. त्यांनी त्याचं नाव ठेवलंय म्हणे. मी फोटो पूर्ण उघडलाच नाही.

निकिताला मी काही सांगितलेलं नाही. तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही. यापुढं मी कुणाच्याच डोळ्यांत बघून खोटं 'नाही' म्हणणार नाही. तुला लिहायचं असेल तर लिही. नसेल तर आपल्या दोघांचं हे शेवटचं पत्र समज. पैसे मायच्या खात्यावर येत राहतील.

धम्मानंद


सोनपेठ
२१ सप्टेंबर २०२५

आदरणीय सुकेशनीताई यांना,
निकिताचा जयभीम.

तुम्हा भावंडांसारखं मला लिहिता येत नाही. मोडकंतोडकं गोड मानून घ्या. तुम्ही त्यांना दीड वर्षात एकही ओळ लिहिली नाही, हे मला माहीत आहे. आईंना फोन केला की तुम्ही खोलीतून बाहेर जाता, तेही कळतं.

परवा मला मुलगी झाली. मोठी आहे, आवाज खणखणीत आहे. हे पुढच्या महिन्यात येतील.

ताई, मला सगळं माहीत आहे. मागच्या सुट्टीत हे आले तेव्हा मीच विचारलं आणि त्यांनी लपवलं नाही. पण खरं सांगू का, मला आधीच माहीत होतं. बारशाला तुम्ही पाळण्यात वाकायच्या आधी माजघरात गेला होता, पाणी प्यायला म्हणून. माझी खाट त्याच भिंतीला. तुम्ही पदर तोंडात धरून खोकत होता. मी ऐकलं. लवंगांचं पत्रही तुम्हीच फोनवर वाचून दाखवलं होतं, त्यामुळं मला लगेच कळलं. मी आईला हळूच म्हणाले, "आक्काला खोकला हाय, लांबून सांगू दे की नाव." आई म्हणाली, "गप बस. आत्याचा मान हाय. लेकराच्या बारशात नंदेचा अपमान करतीस व्हय? तिला आधीच लेकरू न्हाई." मी गप्प बसले.

आणि दवाखान्यातही. मी आत पेटीपाशी होते, दार उघडं होतं. डॉक्टरांनी विचारलेलं मला ऐकू आलं. तुमचं उत्तरही ऐकू आलं. मला बाहेर येऊन म्हणता आलं असतं, साहेब, हाय की खोकला. पण मला वाटलं आक्का अंगणवाडीत काम करतात, त्यांना कळतं. त्या न्हाई म्हणतायत म्हणजे तो वेगळा खोकला असेल. आणि तुम्हाला माझ्या वडिलांसमोर खोटं कसं पाडू? त्या वेळीही मला तुमचा मानच आठवला. माझं लेकरू निळं पडत होतं आणि मी तुमचा मान राखत होते. रात्री झोपेतून उठून मी स्वतःच्या तोंडात मारून घेते.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. पुढं करीन की नाही ते माहीत नाही. आई म्हणते, ह्या वेळी चुलत आत्याला बोलवू, सुकेशनीचं नाव घेऊ नको. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू ठरव."

मी ठरवलंय. बारसं सहा आठवड्यांनी आहे, मुलीला टोचून झाल्यावर. तुम्ही यायचं. माझ्या मुलीला सख्खी आत्या एकच आहे आणि तिला मी चुलीपाशी बसवणार नाही. पण घरात यायचं नाही. दारासमोर अंगणात जिथं बैल बांधायचो तिथं उभं राहायचं. त्यांनी गोरिलाला बघितलं तेवढ्या अंतरावर. मी तिला घेऊन उंबऱ्यात बसेन. नाव तुम्हीच निवडा, तिथूनच म्हणा, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. पाठीत धपाटे घालायला कुणी येणार नाही, मी सांगून ठेवलंय.

बायका बोलतील. बोलू द्या. मी त्या दिवशी जे बोलायला पाहिजे होतं ते ह्या वेळी बोलणार आहे. तुम्ही अंगणात पाय ठेवलात की सगळ्यांसमोर विचारीन, "ताई, खोकला हाय का?"

माझ्याकडं बघून उत्तर द्या.

निकिता